कपाटातले आठ जेर्को

२ जुलै, सकाळ

उशीर झाला, माफी असावी. ही डायरी नीवेसने, म्हणजे आमच्या मुलीने, नाताळात दिली होती आणि आज जुलैत तिचं पहिलं पान उघडतोय. जानेवारीत कंबर धरली होती. फेब्रुवारीत बुरा वाहत होता, त्या वाऱ्यात बोटं वळत नाहीत. मार्चमध्ये पेन सापडेना. एप्रिल-मे चांगले गेले, पण चांगल्या दिवसांत लिहायचं काय? डायरी काही रागावत नाही म्हणा. तरी माफी मागून ठेवतो, कारण कालपासून बोलायला मला दुसरं कुणी उरलेलं नाही.

काल तालमीनंतर दिंकोने मला बाजूला घेतलं. दिवसा न्हावी, संध्याकाळी आमच्या क्लापेचा, म्हणजे गाणाऱ्या मंडळाचा, म्होरक्या. सुरुवातीचा सूर तो देतो. म्हणाला, जेर्कोकाका, यंदा संत रोकोच्या सणाला तुम्ही जरा आराम करा. मी म्हटलं, मी दमलोय कुठे? तर म्हणाला, काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची पट्टी उतरते. गाणं सुरू होतं वरच्या मजल्यावर आणि संपतं तळघरात, आणि तुमच्या मागोमाग आम्ही सगळे जिना उतरतो.

हे मला. त्याचा बाप म्होरक्या होता तेव्हा मी त्या अर्धगोलात उभा होतो आणि हा पाळण्यात दुपटी भिजवत होता.

सोळा ऑगस्टला मिरवणूक संपली की चर्चच्या पायऱ्यांवर क्लापा गाते. डावीकडून तिसरी जागा माझी. लग्नाच्या आधीपासून माझी. टोन्काने, माझ्या बायकोने, मला पहिल्यांदा पाहिलं तेही तिथेच. ती म्हणते, तिने पाहिलं होतं चौथ्याला, पण तो म्हावरं विकायला गाव सोडून गेला. असो.

खरं कारण मला ठाऊक आहे. बाकीचे सात जण वर चढतात. मी जागेवर असतो.

२ जुलै, दुपार

जेवलो नाही. म्हणजे सार्डिन खाल्ले, पण मन नव्हतं.

४ जुलै

निश्चय झाला. नीवेस म्युनिकला जाताना जुना कॉम्प्युटर ठेवून गेली आहे. टोन्का त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवते. लोक म्हणे घरी बसून त्यावर गाणी रेकॉर्ड करतात, एकावर एक आवाज चढवतात.

हिशेब सोपा आहे. क्लापा म्हणजे आठ माणसं, वाद्य एकही नाही. मी आठ वेळा गायलो की झाली क्लापा. ते रेकॉर्डिंग सणाच्या आधी दिंकोच्या दुकानात नेऊन भर गिऱ्हाइकांत लावायचं. पट्टी कोण सोडतं ते गावाला कळेल. मग तो स्वतः घरी येईल माझी जागा परत द्यायला. मी लगेच हो म्हणणार नाही. आधी त्याला बाहेरच्या बाकावर बसवीन.

टोन्काला सांगितलं. ती म्हणाली, एक जेर्को सांभाळता सांभाळता जन्म गेला, आता आठ. बरण्या मात्र तिने उचलल्या.

५ जुलै

नीवेसने फोनवरून प्रोग्रॅम घालून दिला. माईकही पाठवते म्हणाली. मी म्हटलं, लवकर पाठव, देशाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, कुठल्या देशाचा, बाबा? मी म्हटलं, तू परदेशात राहतेस, तुला नाही कळायचं.

१० जुलै

माईक आला. गायला बसणार होतो, पण जुगो सुटलाय. दक्षिणेचा हा वारा आला की डोकं जड होतं, माणसं भांडतात, दूध फाटतं. टोन्का म्हणाली, पान हलत नाहीये झाडाचं. मी म्हटलं, मला आतून जाणवतो.

११ जुलै

अजून जुगो. आतून.

१२ जुलै

आज रेकॉर्डिंग केलं, आणि स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटते.

पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात. ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. लाटांबद्दल मला कुणी शिकवू नये. जन्मभर फेरीबोटीवर होतो, दोर फेकायचा, दोर बांधायचा, गाड्या आत घ्यायच्या. शाळा सहावीपर्यंत, पुढचं समुद्राने शिकवलं. पहिली ओळ गायलो तर पडद्यावर या एवढाल्या लाटा. अशा हवेत कप्तान बोट सोडत नाही. मग माईकचं बटण फिरवत फिरवत कमी केलं. लाटा बसत गेल्या. शेवटी पाणी असं निवांत झालं की त्यात चेहरा बघावा. त्या शांत समुद्रावर गाणं पाच वेळा गायलो. घसा मोकळा, श्वास लांब. तरुणपणीसुद्धा असा गायलो नसेन.

१३ जुलै

हेडफोन बिघडलेले दिसतात. काही ऐकू येत नाही.

१४ जुलै

हेडफोन बदलले. दोन्ही जोड्या बिघडलेल्या.

१५ जुलै

नीवेसला फोन केला. तिने लाटांचा फोटो मागितला. मी पाठवला. मग म्हणाली, बाबा, सपाट रेघ म्हणजे आवाज नाही. मी म्हटलं, सपाट म्हणजे उत्तम हवा. ती म्हणाली, बाबा, सपाट रेघ हॉस्पिटलातसुद्धा चांगली नसते.

ठीक आहे. यंत्र बनवणाऱ्यांनी समुद्र पाहिलेला नाही, त्याला मी काय करू.

१६ जुलै

आता लाटा आहेत. पण मी गप्प बसलो तरी लाटा आहेत. खिडकीबाहेरच्या पाइनवर ते किडे दिवसभर किर्र करत असतात. रेकॉर्डिंगमध्ये मी मागे आणि किडे पुढे. पट्टी मात्र त्यांची पक्की आहे, एवढं मान्य करतो.

बागेच्या नळीने झाडावर पाणी मारलं. किडे गप्प झाले. खालून फानिता ओरडायला लागली. फानिता आमची शेजारीण, भिंत सामायिक. तिच्या वाळत घातलेल्या चादरी पुन्हा भिजल्या म्हणे. म्हणाली, जेर्को, तुझ्या डोक्यावर ऊन चढलंय का? मी वरून म्हटलं, कलेचं काम चाललंय. ती म्हणाली, मग कलेला सांग माझ्या चादरी पिळून दे.

दोन चादरी पिळल्या. कंबर पुन्हा धरली. किडे पुन्हा सुरू.

१८ जुलै

तोडगा मिळाला. बेडरूममधलं कपाट. हिवाळ्याचे कोट चहूबाजूंनी, आवाज बाहेर जात नाही, किड्यांचा आत येत नाही. शिवाय दार लावलं की आरपार वारा लागत नाही. मानेला वारा लागून माणसं वाकडी झालेली मी पाहिलीत. कपाटात तो धोका नाही.

टोन्का दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, लाकडी पेटी एक दिवस मिळणारच आहे, आत्तापासून सवय कशाला?

तिला सांगितलं, पुढचे काही दिवस कोट मागू नकोस. ती म्हणाली, जुलैत कोट कोण मागतंय?

२० जुलै

कपाटात उकडतं. चड्डीवर बसतो. कमरेला टॉवेल, घाम मूत्रपिंडांवर थंड पडू नये म्हणून. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने घसा साफ होतो असं माझं निरीक्षण आहे. डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

पहिला जेर्को रेकॉर्ड झाला. सुंदर.

२२ जुलै

एक अडचण. दुसऱ्या जेर्कोने सुरुवात कधी करायची?

क्लापेत कुणी मोजत नाही. दिंको श्वास घेतो, त्याची भुवई वर जाते, खांद्यावरचा हात किंचित दाबला जातो आणि आठही तोंडं एकदम उघडतात. कपाटात भुवई कुठली? हेडफोनमध्ये पहिला जेर्को सुरू झाल्यावर मी सुरू करतो, तोवर तो अर्ध्या ओळीवर. मी घाईने त्याला गाठतो, तर तो श्वास घ्यायला थांबलेला. मी त्याच्यासाठी थांबतो. तो पुढे जातो.

असा उर्मट माणूस मी क्लापेत पाहिला नाही.

२३ जुलै

इलाज केला. सुरू करण्याआधी कपाटाच्या मागच्या फळीवर तीनदा ठोकायचं. ठक, ठक, ठक, आणि गाणं. झकास चालतं. ही युक्ती कॉम्प्युटरवाल्यांना कळवली पाहिजे.

२६ जुलै

चार जेर्को झाले. ऐकून पाहिलं.

पहिल्यापेक्षा दुसरा थोडा खाली आहे. दुसऱ्यापेक्षा तिसरा. चौथा कुठे आहे ते सांगता येत नाही. आणि प्रत्येक जण गाणं संपेपर्यंत आणखी खाली जातो.

बराच वेळ कपाटात बसून होतो. मग कारण सापडलं. उष्णता. उन्हात दोर ढिला पडतो, हे फेरीवरच्या कुठल्याही माणसाला विचारा. इतका वेळ चालून कॉम्प्युटर तापतो, आतलं सगळं सैल पडतं आणि आवाज उतरतो. मी जागेवरच आहे.

२७ जुलै

कॉम्प्युटरखाली फ्रीजरमधल्या मटाराच्या पिशव्या ठेवल्या. पंखाही लावला असता, पण मानेला वारा.

टोन्का संध्याकाळी मटार शोधत होती. तिला सापडले. पिशव्या मऊ झाल्या होत्या आणि कॉम्प्युटरच्या पोटातून पाणी ठिबकत होतं. ती म्हणाली, जेर्को, खरं सांग, हे सगळं कुणासाठी? मी म्हटलं, सत्यासाठी. तिने त्याच मटारांचा रस्सा केला आणि माझ्या ताटात सत्य जास्त वाढलं. कॉम्प्युटर पंख्यासमोर ठेवून सुकवला. मी दुसऱ्या खोलीत बसलो.

३१ जुलै

आठवा जेर्को झाला. हा सगळ्यात खालचा आवाज. सातव्याच्याही खाली जायचं होतं, पण तिथे जागाच नव्हती. बऱ्याच ठिकाणी नुसता श्वास घेतलाय. कसलेल्या कानाला तो श्वास कळेल.

तरी एकंदर परिणाम भव्य आहे. बोट धक्क्याला लागताना जसं लोखंड कण्हतं, तसा.

३ ऑगस्ट

गावाचं वागणं बदललंय. टोन्का बाजारातून आली आणि सांगत होती, बेकरीवालीने तिचा हात हातात धरून ठेवला. फादर विचारत होते, घरी येऊन प्रार्थना म्हणू का? मासळीवाल्या बार्तुलने माझ्यासाठी सगळ्यात चांगला मासा बाजूला काढून ठेवला होता, आणि तो देताना त्याला बोलता येईना. बार्तुल क्लापेतला जाडा आवाज, खांद्याने दरवाजा भरून टाकणारा गडी.

टोन्का म्हणाली, काहीतरी घोळ आहे. मी म्हटलं, घोळ कसला, रेकॉर्डिंगची बातमी फुटली. लोकांना माझी किंमत कळायला लागली.

मासा छान होता.

६ ऑगस्ट

फानिता रोज सूप आणून देते. दारात उभी राहून हळू आवाजात विचारते, आज कसं वाटतंय? मी म्हणतो, आज शेवटची ओळ जमली की सुटलो. ती डोळे पुसते. इतकी रसिक आहे हे माहीत नव्हतं. चादरी भिजवल्या याचं आता वाईट वाटतं.

९ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

जेवणानंतर आठव्या जेर्कोचं शेवटचं कडवं पुन्हा गात होतो. डोळे मिटलेले, हेडफोन कानावर, कमरेला टॉवेल. एक लांब सूर धरला होता. तेवढ्यात कपाटाचं दार उघडलं. बाहेर दिंको आणि बार्तुल, दोघेही इस्त्रीच्या शर्टात, हातात संत्री आणि गोड वाईनची बाटली. मागे फानिता, सुपाचं भांडं घेऊन. बार्तुलने छातीवर क्रूस काढला.

फानिता गेले पंधरा-वीस दिवस सामायिक भिंतीला, म्हणजे आमच्या कपाटाच्या मागेच, कान लावून होती. आधी तीनदा ठोकणं, मग कण्हणं. पुन्हा तीनदा ठोकणं, पुन्हा कण्हणं. तिने गावभर सांगितलं की जेर्को अंथरुणाला खिळलाय, बायकोला हाक मारायलासुद्धा आवाज उरला नाही, बिचारा भिंतीवर ठोकतो. आणि टोन्का दगडाच्या काळजाची, मटार सोलत बसते.

टोन्काने हे ऐकलं आणि ती फानिताकडे अशी वळली की मला पुन्हा कपाटात जावंसं वाटलं.

मी चड्डीवर होतो, पण मान ताठ ठेवली. म्हटलं, आलाच आहात तर ऐका. आणि लावलं.

बार्तुल दुसऱ्या ओळीला पलंगावर बसला. तिसऱ्या ओळीला त्याचे खांदे हलायला लागले. चौथा जेर्को आला तेव्हा तो आडवा झाला आणि पलंगाची एक फळी मोडली. म्हणाला, काका, हे आठ जण कुठे निघालेत, विहिरीत? फानिता म्हणाली, मग मी म्हणतेय काय, असंच कण्हणं.

दिंको हसला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग कपाटात डोकं घालून कोट पाहिले, माझी बसायची उशी पाहिली. म्हणाला, काका, हे तुम्ही एकट्याने केलंत, इथे बसून, या उन्हाळ्यात? मी म्हटलं, कॉम्प्युटर तापला म्हणून जरा पट्टी उतरली आहे. तो म्हणाला, हं.

तेव्हा टोन्का म्हणाली, तू त्याच्या चर्चच्या पायऱ्या काढून घेतल्यास, दिंको. तुला काय वाटलं, तो पोस्टाची तिकिटं जमवायला लागेल?

दिंको मान खाली घालून उभा होता. त्याचा बाप मार खाताना असाच उभा राहायचा.

मग म्हणाला, काका, आमच्या गाण्याचं धड रेकॉर्डिंगच नाही. तुम्हाला आता यातलं कळतं. सणाला तुम्ही तुमच्या जागेवर उभे राहा, शर्टाच्या खिशात फोन चालू ठेवून. मधोमध आवाज सगळ्यात चांगला मिळतो. फक्त एक आहे, रेकॉर्डिंग करणाऱ्याला गाता येणार नाही. फोन तुमच्या छातीवर, तो तुमचंच ऐकेल.

मी विचार करायला वेळ मागितला. ते दारापर्यंत पोचले तेव्हा हो म्हणालो.

बाहेरच्या बाकावर बसवायचं राहून गेलं.

१० ऑगस्ट

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की ही बढती आहे. गाणारे सात, रेकॉर्डिंग करणारा एक.

१३ ऑगस्ट

काल तालमीला गेलो. तिसरी जागा. डाव्या खांद्यावर दिंकोचा हात, उजव्या खांद्यावर बार्तुलचा, त्याला माशांचा वास. तोंड मिटून उभा राहिलो. सोपं नाही. गाणं पोटातून वर येतं आणि दातांवर आपटतं. गिळून गिळून घसा सुजला. गाऊन कधी सुजला नव्हता.

टोन्काने सेजच्या पाल्याचा काढा दिला. म्हणाली, न गाता घसा बसवणारा तू पहिलाच.

१७ ऑगस्ट

काल सण झाला. खलाशांनी संत रोकोला खांद्यावर घेऊन बंदरापर्यंत नेलं, बँड बेसूर वाजला, सार्डिन भाजल्याचा धूर चौकभर. फानिता मला पायऱ्यांवर चालता-बोलता बघून पुन्हा रडली. तिला थोडी निराशाही झाली असावी.

सहा गाणी झाली. पाच गाण्यांत मी दगड. लोक म्हणाले, क्लापा इतकी चांगली कधीच गायली नव्हती. हे साहजिक आहे, मी मधे उभा असलो की सगळ्यांना धीर येतो.

सहावं गाणं ते बोटीचं, जी परत येत नाही आणि बंदरातले लोक दिवा लावून ठेवतात. त्यात सगळा चौक गायला लागतो. फादर गातात, बेकरीवाली गाते, टोन्का समोर उभी राहून गात होती आणि माझ्याकडेच बघत होती, चौथ्याकडे नाही. बार्तुलने खांदा दाबला. तिथे माझ्याकडून थोडं गुणगुणलं गेलं असेल. शपथेवर सांगत नाही. नुसतं आधाराला.

गाणं संपलं. दिंकोने माझ्या दोन्ही गालांची पापी घेतली.

१८ ऑगस्ट, सकाळ

कपाटात बसून ऐकलं. खोलीतही ऐकता आलं असतं, पण कपाटाची सवय झालीय.

पहिली पाच गाणी. काय लिहू? गाणं जिथे सुरू होतं तिथेच संपतं. आत्तापर्यंत मला वाटायचं, गाणी आपोआप उतरतात, संध्याकाळ उतरते तशी, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. ही उतरत नाहीत. पाचही वेळा बोट बरोबर धक्क्याला लागली, एकदाही धडकली नाही.

मग सहावं. दोन ओळी तशाच, वर. मग अगदी जवळून एक मोठा आवाज येतो. गुणगुणणं नाही ते. आणि तो खाली जायला लागतो. बाकीचे क्षणभर वर थांबतात. मग दिंको त्याच्याकडे येतो. मग बार्तुल. मग एकेक करून सगळे. शेवटच्या ओळीला सगळा चौक त्याच्याबरोबर खाली पोचलेला आहे. कुणीही त्याला एकट्याला जाऊ दिलेलं नाही.

चार वेळा ऐकलं.

टोन्काने बाहेरून विचारलं, काय रे, झोपलास का आत? मी म्हटलं, मशीन तपासतोय. ती म्हणाली, काय झालं मशीनला? मी म्हटलं, काही नाही, बरोबर चालतंय.

सहावं गाणं पुसणार होतो. बटण सापडलं नाही. नीट शोधलंही नाही.

१८ ऑगस्ट, दुपार

दिंकोला पाठवायचा मेसेज आधी इथे लिहून बघतो, फोनवर माझ्या हातून भलतंच जातं.

दिंको, रेकॉर्डिंग उत्तम आलंय. पाच गाणी पाठवतो. सहाव्याला फोनची बॅटरी संपली, कुणी विचारलं तर तसं सांग. क्लापेला यापुढे कायमच रेकॉर्डिंगचा माणूस लागेल असं मला वाटतं, तालमीलासुद्धा, कारण चुका तिथेच कळतात. मी येत जाईन. फोन खिशात ठेवीन आणि तोंड मिटून उभा राहीन. काही झालं तरी मिटून. तिसरी जागा मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, फोनला तिथली सवय झाली आहे. तालीम सोमवारीच आहे की दिवस बदललाय ते कळव. शक्य तेवढ्या लवकर कळव, मी तो खिशाचा शर्ट अजून धुवायला टाकलेला नाही.